टिकाऊ थेंब

दुपारच्या शांततेत घरातला जुना, आता धड गारही न करणारा फ्रिज एकदम घरघरला (मुलगी हलली, पण उठली नाही) आणि मला पुन्हा पटलं, की या जगात उपयोगी पडण्यापेक्षा टिकून राहणं महत्त्वाचं. आमच्या औषध-तपासणी प्रयोगशाळेचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे.

आमच्याकडे फेरतपासणीला थेंब आले. मेंदूचा रक्तपुरवठा वाढवणारे, विसराळू म्हाताऱ्यांसाठी. (माझी आई तेच घेते. मला ती 'नर्सबाई' म्हणते, फार आदराने.) नियमाप्रमाणे निम्म्या सशांना थेंब द्यायचे, निम्म्यांना साधं पाणी. पण पाळणाघर पाचला बंद होतं, आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी पाण्याऐवजी नुसतं परिरक्षक भरलं. औषध नासू नये म्हणून त्यात घालतात ते. त्या सशांचा रक्तपुरवठा बावीस टक्के घटला. मग हौसेने परिरक्षकाशिवाय नुसतं औषध देऊन पाहिलं. बावीस टक्के वाढ! दोन्ही एकत्र: शून्य.

थोडक्यात, नुसतं औषध गुणकारी आहे, पण चार दिवसांत नासतं. परिरक्षकासह ते तीन वर्षं टिकतं आणि कुणाच्याही मेंदूला तसदी देत नाही.

समिती बसली. सभासद नऊ, चहा तीनदा, डुलक्या चार. (सभासदांचा रक्तपुरवठा मोजता आला नाही, यंत्र सशांकडे होतं.)

"हे नसते उद्योग तुम्हाला सांगितले कुणी, बाई?" साहेब म्हणाले.

"घाईत चूक झाली, सर. पण या थेंबांचा काही उपयोगच होत नाहीये."

"अपाय होतोय का? नाही ना? आणि टिकतात बघा किती! लोकांनी काय दर चार दिवसांनी रांग लावायची? करा सही. या महिन्यात कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

व्हायचं होतं. अहवालात लिहिलं: 'औषध स्थिर असून परिणामात कोणतेही चढउतार आढळले नाहीत.' एक अक्षर खोटं नाही. आता मीही निवृत्तीपर्यंत टिकेन.

आम्हाला हसू नका. बाटली घेताना तुम्हीही आधी तारीखच बघता. गुण येतो का, हे दुकानदाराला कधी विचारलंत?

मुलगी उठली, डोळे चोळत आजीच्या खाटेशी गेली.

"कुणाची गं तू? गोड आहेस हो," आजी म्हणाली.

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, अजून किती थेंब घेतले की आजीला मी आठवेन?"