महाराजांचं मेपल लाल झालं

तर बाळांनो, एका जंगलात एक सिंह होता. तो नुकताच परदेशी जाऊन आला होता. म्हणजे काय, तर त्याला आता इथलं काहीच आवडत नव्हतं.

येताना त्याने मेपलचं झाड आणलं. तिकडे थंडी पडली की त्याची पानं लालभडक होतात म्हणे. सिंहाने बागेचा माळी, सखोबा साळिंदर, याला बोलावलं.

"दिवाळीला पाहुणे येतायत. तोवर झाड लाल दिसलं पाहिजे. नाहीतर आंब्याखालचं बीळ रिकामं कर."

त्या बिळात सखोबाची बायको होती आणि चार दिवसांची तीन पिल्लं होती. सखोबाने जांभळाच्या सावलीत खड्डा खणला.

"सावलीत?" कोल्हे चिटणीस किंचाळले. "फोटोत काय दिसणार, कपाळ?"

"साहेब, थंड मुलखातलं झाड आहे. आपलं ऊन सोसायचं नाही त्याला."

"तू गेलायस का कधी परदेशी?"

सखोबा गेला नव्हता. जांभूळ तोडलं गेलं.

मग थाटात वृक्षपूजन झालं. जो येई तो मुळाशी कळशीभर पाणी ओतून फोटो काढी. हत्तीने सोंडभर ओतलं. फोटो हलला, म्हणून पुन्हा ओतलं.

वर ऊन, खाली चिखल. पानांच्या कडा करपल्या. काळे ठिपके पडले. माव्याची कीड लागली. शेवटी पानं तांबूस होऊन मुरगळली.

सखोबा खरं सांगायला निघाला.

"अहो, पिल्लांना चालू तरी लागू द्या," बायको म्हणाली. "मग काय तो बाणेदारपणा करा."

तरी तो गेलाच. "महाराज, झाड..."

"लाल झालं!" सिंह गरजला.

"शरद आला, महाराज!" चिटणीसांनी हात जोडले. "काय रे सखोबा?"

सखोबाने झाडाकडे पाहिलं. मग बिळाकडे पाहिलं.

"आला, महाराज."

दिवाळीला पाहुण्यांसमोर सखोबाला शाल-श्रीफळ मिळालं. शाल काट्यांत अडकली ती निघेना. तेवढ्यात मेपलची उरलीसुरली पानं गळाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तिकडेही अशीच गळतात," सिंह पाहुण्यांना म्हणाला. मग त्याने बेताने सखोबाची पाठ थोपटली. "शाब्बास! पुढच्या दिवाळीला आणखी एक झाड असंच लाल कर."

"कोणतं, महाराज?"

"तो आंबा. तुझ्या बिळावरचा."

तात्पर्य: झाडाला काय झालंय ते माळ्याने बघू नये. महाराजांना आवडला तर तो ऋतू असतो. न आवडला, तरच रोग.