सरांच्या गाडीला पंखा

सरांच्या लेकीला मुलगी झाली, तेव्हा सरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातच जाहीर करून टाकलं, की नात घरी येईल ती आपल्याच गाडीतून. बायको फक्त "बरं" म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात या "बरं"चे सगळे अर्थ सरांना पाठ झाले होते. हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गाडी लेकीच्याच वयाची, अठ्ठावीस वर्षांची. मोकळ्या रस्त्यावर ती अजून झकास पळायची, पण सिग्नलला दोन मिनिटं थांबली की तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरायचा आणि बॉनेटमधून किटलीसारखी वाफ निघायची. कारण सरांना ठाऊक होतं. रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद झालं की पंखाही पेंगायचा, आणि वाऱ्याची खरी गरज नेमकी तेव्हाच. जावयाने अदबीने सुचवलं, की त्याची नवी गाडी आहे, एसीही आहे. तेवढं पुरे झालं. दवाखान्यातून सुट्टी मिळायला तीन दिवस होते. सरांनी विजेवर चालणारा पंखा बसवायचं पक्कं केलं.

पंखा भंगारबाजारात मिळाला. नाक्यावरचा मिस्त्री सरांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, तासाभरात बसवून देतो, पैसेही नकोत. सर म्हणाले, "तू विजेच्या धड्यात नापास झाला होतास. मी विसरलो नाही." बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने धन-ऋण दुसऱ्याकडून जोडून घ्यायचं म्हणजे आचाऱ्याने खानावळीत डबा लावण्यासारखं होतं.

जुन्या पंख्याचे तीन बोल्ट मुकाट्याने निघाले. चौथ्याने सरांच्या बोटांची सालटं काढली. नव्या पंख्याच्या दोन्ही तारा काळ्याच होत्या, पण सरांनी क्षणभर विचार केला आणि अनुभवाच्या जोरावर जोडून टाकल्या. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू होईल अशी कळही बसवली. गाडी दारातच चालू ठेवली. काटा चढला, पंखा घूं करून सुरू झाला, आणि काटा जागच्या जागी थबकला. सरांनी रुमालाने हात पुसत बायकोकडे पाहिलं. ती बादली घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते ऐटीत फेरी मारायला निघाले. मोकळ्या रस्त्यावर दीड किलोमीटर गेले आणि काटा लाल. पूर्वी गाडी थांबली की तापायची, आता धावली की तापायला लागली. हे कुठल्याच धड्यात नव्हतं. सरांनी रेडिएटरचं झाकण बदललं. मग पाण्याचा पाइप. मग आतला व्हॉल्व्ह. दर वेळी दारात तासभर इंजिन चालवून बघायचे, बॉनेट उघडं टाकून स्वतः काट्यावर डोळे लावून बसायचे. दारात गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर काढली, की पुन्हा वाफ. तिसऱ्या दिवशी दुपारी एका टेम्पोने तिला दोरीने बांधून घरी आणलं, तेही नाक्यावरून, मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवून नमस्कार केला. सरांना तो नमस्कार फार लागला.

संध्याकाळी लेकीला आणायचं होतं. सरांनी शेवटचं एकदा इंजिन चालू केलं. या वेळी बॉनेट उघडायचंही त्राण नव्हतं. जावयाला फोन करावा, असा विचार करत ते स्टिअरिंगवर हात टेकून बसले, आणि समोरच्या काचेतून त्यांना दिसलं की गाडीच्या नाकापुढे बायकोने दांडी मांडली आहे. दांडीवर बाळाची दुपटी वाळत होती, आणि पंखा सुरू होताच ती सगळी फडफडून रस्त्याकडे उडायला लागली. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

सर सावकाश खाली उतरले.

"ही दुपटी इथे कधीपासून वाळत घालतेस?"

"परवापासून. पाच मिनिटांत खडखडीत वाळतात. उबदारही होतात."

"अगं, पंख्याने बाहेरचा वारा आत ओढायचा असतो. हा आतला बाहेर फेकतोय. म्हणजे गाडी पुढे पळते तेव्हा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतोय तो."

"मला काय माहीत," बायको दुपट्याची घडी घालत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दुपट्यांसाठीच बसवलाय."

तारांची अदलाबदल करायला दीड मिनिट लागलं. हे मिस्त्रीला कळता कामा नये, असं सरांनी बायकोला तीनदा बजावलं, आणि तिसऱ्यांदा "बरं" ऐकल्यावर नाद सोडला.

दवाखान्यातून निघाले तेव्हा मागे लेक, तिच्या कुशीत नात, शेजारी बायको, आणि पुढे जावई, गाडी कुठे बंद पडली तर ढकलायच्या तयारीने बूट घालून बसलेला. चौकात आल्यावर सरांनी गाडी सरळ बाजारपेठेच्या रस्त्याला घातली. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा. सगळं ठप्प.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "डावीकडचा रस्ता पूर्ण मोकळा होता."

"माहीत आहे मला," सर म्हणाले.

त्यांनी काच खाली केली आणि कान टवकारले. काटा चढत होता. जावयाने दाराचं हँडल धरलं. मग पुढून घूं असा आवाज आला, काटा थबकला, थरथरला, आणि हळूहळू उतरायला लागला.

पुढचा ट्रक हलला. मागच्या बसने हॉर्न दिला. सर मात्र जागचे हलले नाहीत.

"अहो, चला की आता," बायको म्हणाली.

"थांब," सर म्हणाले. "नातीला नीट ऐकू दे."