केळ्यावरचा डाग

आईचा मेसेज आला तेव्हा सुस्ती पांघरुणात होती. हॉस्टेलभर तिला याच नावाने ओळखत, आणि नाव ठेवणाऱ्यांनी काही अन्याय केला नव्हता. मेसेज एवढाच होता : "केळ्यावर रोज तोच काळा डाग कसा गं?"

तिची झोप खाडकन उडाली. मागच्या सत्रात बाईसाहेब उपाशीपोटी परीक्षेला बसल्या आणि चक्कर येऊन बाकावरच आडव्या झाल्या. विषय कोणता, तर आहारशास्त्र! तेव्हापासून आईचा हुकूम होता, रोज आठच्या आत नाश्त्याचा फोटो हवा. नाहीतर हॉस्टेल बंद, मुक्काम मावशीकडे. मावशी पहाटे पाचला उठायची आणि सगळ्या घराला उठवायची.

मेसचा नाश्ता आठला संपे, ही उठे पावणेनऊला. म्हणून एका रविवारी तिने एकच अंडं आणि एकच केळं घेऊन, चमचा इकडे ग्लास तिकडे करत तीस फोटो काढून ठेवले. रूममेट चष्मिस रोज सकाळी हिच्या फोनवरून एकेक पाठवायची. लेकीला सोबत म्हणून आईही लगेच आपल्या ताटलीचा फोटो पाठवी.

केळी एकाच घडातली म्हणून सांग, असं चष्मिसने सुचवलं. सुस्तीने तसं कळवलं. त्यावर आईने विचारलं, अंड्यालाही तोच तडा कसा?

"कोंबडी पण एकच आहे म्हण," चष्मिस म्हणाली.

खरा नाश्ता दिसतो तरी कसा, ते पाहायला सुस्तीने आईचे फोटो उघडले आणि गोंधळलीच. प्रत्येक फोटोत मागच्या घड्याळात सव्वाचार वाजलेले. तिने तडक फोन लावला.

"आई, तू नाश्ता दुपारी करतेस? का तुझेही फोटो एकाच दिवसाचे?"

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"एकटीसाठी कोण गॅस पेटवणार गं," आई हळूच म्हणाली. "चहावर भागवते."

फोटो बंद, रोज आठला समोरासमोर खायचं, असं दोघींचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सुस्ती चक्क साडेसातला उठली. आठला व्हिडिओ कॉलवर आई दिसली, ताटली दिसली, ताटलीतून वाफ निघत होती. मागे घड्याळात सव्वाचार.

"आई! आजही?"

आईने वळून पाहिलं. "अगबाई, ते होय? चार महिने झाले बंद पडून. खा तू."