हौसाची साक्ष

केसरीनाथच्या कानाच्या ऑपरेशनचा क्लेम विमा कंपनीने फेटाळला, आणि त्याला कारण त्याची सख्खी बायको होती. ऑपरेशनसाठी हौसाच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या होत्या. चौकशीला कंपनीचा माणूस कोन गावातल्या घरी आला, तेव्हा केसरीनाथ नारपोलीला कापडाच्या लूमवर ड्युटीला होता. हौसाने पाहुण्याला चहा दिला आणि मन मोकळं केलं.

"बहिरंच हायत वो आमचं हे! दहा वर्सं झाली, माजं एक अक्सर आयकत न्हाय."

माणसाने ते लिहून घेतलं. पॉलिसी चार वर्षांची, बहिरेपण दहा वर्षांचं. म्हणजे जुना आजार लपवला, असं कंपनीचं म्हणणं.

कंपनीत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा प्रकरण विमा लोकपालांकडे गेलं. सुनावणी मोबाईलवर होती. तांदळाच्या डब्याला फोन टेकवून केसरीनाथ इस्त्रीच्या शर्टात बसला. मागे हौसा, कीर्तनाला बसावी तशी.

"दहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं का?" लोकपाल बाईंनी विचारलं.

केसरीनाथने मागे पाहिलं. हौसाचे मोकळे हात दिसले. पाटल्या तर सोडवायच्याच होत्या.

"येत व्हतं, मॅडम. मी आयकत नवतो."

"म्हणजे?"

"लूमच्या आवाजानं कान गेलं, आसं हिला वाटायचं. मी वाटू दिलं. कान खरं बिघडलं ते औंदा."

कंपनीचा वकील उसळला. "पुरावा काय?"

केसरीनाथने डोळे मिटले आणि सुरुवात केली. गच्चीवरची टाकी गळते. माझ्या भावाच्या वास्तुशांतीला चला. तुमच्या बहिणीने परात नेली, ती आणा. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका. तो थांबेचना, तेव्हा लोकपाल बाईंनीच हात वर केला.

"हौसाबाई, हे तुम्ही बोलला होतात?"

"सबूद न् सबूद," हौसा म्हणाली.

निकाल केसरीनाथच्या बाजूने लागला आणि पाटल्या घरी आल्या.

पाटल्या हातात चढवून हौसा केसरीनाथच्या ऑपरेशन झालेल्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "टाकी गलते."

केसरीनाथ निमूट उठला आणि पाना घेऊन गच्चीवर चढला. खाली हौसाने परातीचा विषय काढला. तोही त्याला स्पष्ट ऐकू आला.