लिफ्टमधलं उपकेंद्र

हे तुम्हाला पटणार नाही. माझ्या बायकोलाही पटलं नव्हतं, आणि ती तर माझ्याशी लग्न करण्याइतकी भोळी. तरी न्हाव्याच्या दुकानात शपथेवर सांगितलं तेच इथे लिहितो.

मी विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर होतो. वरून तेहतीस हजार व्होल्ट यायचे. आमचा ट्रान्सफॉर्मर त्यांना अकरा हजारांवर उतरवायचा आणि सहा फीडरांतून वीज वस्त्यांकडे निघायची. तारांवर काम असलं की मी फीडर बंद करायचा आणि लाइनमनला परवाना द्यायचा. काम झालं की त्यानेच येऊन, रजिस्टरात सही करून परवाना परत करायचा. तोवर फीडरला हात लावायचा नाही. नियम सोन्यासारखा; त्याने कितीतरी जीव वाचलेत.

त्या दुपारी लाइनमन घाईत होता. बायको प्रसूतिगृहात, पहिलीच खेप. "काका, कागद द्या हो लवकर. पाचच्या आत मला तिथं पोचायचंय."

मला दया आली. परवान्याचा कागद आधी दिला, फीडर बंद करायचा खटका नंतर ओढला. मधल्या वेळात हा पठ्ठ्या विसरलेली पक्कड आणायला घरी गेला. घर सहाव्या मजल्यावर, आणि इमारत त्याच फीडरवर. तो लिफ्टमध्ये शिरला आणि इकडे मी खटका ओढला.

फोन आला. "काका, अडकलोय! फीडर चालू करा!"

"परवाना?"

"माझ्या खिशात."

"मग आणून दे."

"लिफ्ट चालल्याशिवाय कसा आणू?"

"आणि परवाना आल्याशिवाय लिफ्ट कशी चालवू?"

दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं. त्यामुळे धड भांडताही येईना.

रजिस्टर घेऊन मीच जाणार होतो. पण ते उपकेंद्राबाहेर नेणं गुन्हा. साहेबांनी डोकं लढवलं आणि आदेश काढला : 'सदर लिफ्ट पुढील आदेशापर्यंत उपकेंद्राचा भाग समजण्यात यावी.'

उपकेंद्र म्हटलं की कुंपण आलं. तासाभरात जाळी ठोकली. वाळूच्या बादल्या आल्या, कवटीची पाटी आली. तेवढ्यात रखवालदार लिफ्टची किल्ली घेऊन आला, तर त्याला पाटी दाखवून हाकललं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आतल्या माणसाची या उपकेंद्रात नेमणूकच नाही. दाराच्या फटीतून नोटीस सरकवली : 'आपण अनधिकृतपणे आत आहात. तात्काळ बाहेर पडावे.'

"अहो, मी दुपारपासून दुसरं काय म्हणतोय?" आतून आवाज आला.

खाली मेहुणी ओरडत होती, "भाऊजी, कळा वाढल्यात! ताई तुमच्या नावाने बोटं मोडतेय!"

शेवटी साहेबांनी दुसरा आदेश काढून त्याची लिफ्टमध्ये बदली केली. फटीतून रजिस्टर आत गेलं, सही होऊन बाहेर आलं. मी धावत जाऊन खटका लावला, आणि पाचला पाच कमी असताना बाप हजर. मुलगी झाली.

न्हाव्याच्या दुकानात मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक सरकारी कारकून दाढी करवून घेत बसला होता. गालांवरच्या फेसासकट ताडकन उठला.

"थाप! साफ थाप!"

"कुठली? कुंपणाची?"

"कुंपण बरोबर आहे. नोटीसही बरोबर. पण एकाच दुपारी दोन आदेश?"

दुकानभर माना डोलल्या. न्हाव्याचा वस्तरासुद्धा थांबला.

"खरं सांगा आजोबा," कारकून म्हणाला, "तो लाइनमन अजून लिफ्टमध्येच आहे ना?"