परसदारच्या पाच कोंबड्यांस किताब दिल्याची हकीकत

आजवर ज्यांनी गड घेतले, मुलूख मारले, तख्ते हालविली, त्यांच्या कथा ज्याच्या त्याच्या भाटांनी लिहून ठेविल्या. परंतु परसदारी, कपडे वाळत घालायच्या तारेपासून पाण्याच्या टाकीपावेतो जे रण माजले, त्यास लिहिणार कोणी मिळाला नाही. सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. यात पदरचे काही घातले नाही. घडले तेच, किंचित फुगवून, सांगितले आहे.

तरी राजमान्य राजेश्री हेडक्लार्कसाहेब पाणीपुरवठा कचेरीतून हाती नारळ व गळ्यात हार घेऊन निवृत्त जाहले, आणि घरी येऊन खुर्चीत बसले, आणि मग हुकूम ऐकणारे कोणी नाही हे ध्यानी येऊन बहुत कासावीस जाहले. पत्नी, ज्यांस अवघे घर बाईसाहेब म्हणे, त्यांजवर हुकूम चालवावा तर ती मोहीम लग्नाच्या सालीच फसलेली. सूनबाई दर हुकमास "हो बाबा" म्हणत आणि मनास येईल ते करीत. मग साहेबांनी सायकलवरच्या पिल्लेवाल्याकडोन पाच पिल्ले खरेदी केली आणि कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांचे कूळ पुसले. पिल्लेवाला म्हणाला, "साहेब, आई ठाऊक आहे. बापाचं विचारू नका, बाजार मोठा आहे."

आणि पिल्ले जसजशी वाढली तसतसा बाजार किती मोठा ते उघड होत गेले. एक तांबडी, तिची शेपूट हिरवी. एक ठिपक्यांची, उंच टांगांची. एकीच्या पायांत जन्मतःच पिसांचे मोजे. एक राखी रंगाची, सदा काही टिपून घेतल्यासारखी मान हलविणारी. आणि पाचवी ती अशी, की मानेवर पीस म्हणोन नाही, तुरा एका डोळ्यावर लोंबतो, आणि चालणे म्हणजे जिन्यावरून उतरणारी रिकामी बादली. साहेब सकाळी वर्तमानपत्र वाचीत तेव्हा ही पाचवी येऊन त्यांच्या पायावर बसे. साहेब पाय हालवीत नसत. मुंग्या येत, तरी हालवीत नसत. याचे कारण त्यांस कोणी विचारले नाही आणि त्यांनी कोणास सांगितले नाही.

आता या घराची एक चाल होती, ती बाईसाहेबांनी माहेराहून आणिलेली, की ज्या जनावरास नाव आहे त्याजवर सुरी चालवायची नाही. बिननावाचे ते पातेल्याचे. सबब बाईसाहेबांचे फर्मान निघाले: "रविवारी जावई यायचेत. त्याच्या आत काय ती नावं ठेवून टाका. मागाहून तोंड पाडून बसायचं नाही."

हे वर्तमान कुंपणापलीकडील शेजारी वकीलसाहेबांस कळले. त्यांजपाशी तीन कोंबड्या, शुभ्र, अस्सल वाणाच्या, कागदपत्रांसह मागविलेल्या. आल्यागेल्यास ते त्या अशा दाखवीत की पाहुण्यास वाटे, आता चहापोहे येणार आणि पसंती विचारणार. वकीलसाहेब कुंपणावर कोपरे टेकून म्हणाले, "हेडक्लार्क, नावं ठेवाल हो, पण आडनाव काय लावणार?"

हा वार साहेबांच्या वर्मी बसला. रागे रागे आत येऊन त्यांनी विचारिले, की आपल्या कोंबड्यांस कूळ नसावे हे कितपत शोभते? तेव्हा बाईसाहेब मटार सोलीत होत्या, त्यांनी मान वर न करता जबाब दिला, "जावयाचं कूळ सात पिढ्या तपासलं होतंत ना? मग त्यानं काय दिवे लावले ते बघतोय आपण."

मग साहेबांनी एकांती मसलत केली, आणि चहा दोन वेळा निवू दिला, आणि कुंपणापाशी जातीनिशी उभे राहून, वकिलांस ऐकू जाईल ऐशा आवाजात जाहीर केले, की या दौलतीत कूळ पाहिले जाणार नाही. केवळ कर्तबगारी पाहून किताब मिळेल. जिचे पहिले अंडे आधी ती ज्येष्ठ, आणि जीस अंडे नाही ती सेवेत रुजूच नाही, तीस किताब नाही. ऐसे थोर, उदार, नव्या काळास साजेसे धोरण ऐकून वकीलसाहेब कोपरे झाडून घरात गेले. साहेबांची छाती फुगली.

त्याप्रमाणे तांबडीस हिंमतबहाद्दर, ठिपकेवालीस जरीपटका, मोजेवालीस सरनौबत आणि राखीस चिटणीस ऐसे किताब कणीच्या मुठीसह बहाल जाहले. आणि पाचवीची पाळी आली तेव्हा साहेबांच्या हातची मूठ तशीच राहिली. पाचवीने आजतागायत अंडे दिले नव्हते. देण्याचा तिचा इरादाही दिसत नव्हता.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, द्या ना हिलाही एखादं नाव. कोण विचारतंय?"

साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम." अवघी हयात ज्यांनी हे वाक्य खिडकीपलीकडच्या माणसांस ऐकविले, आणि ऐकविताना कधी मान वर केली नाही, त्यांची मूठ आज ते म्हणताना अर्धी उघडली. पण वकिलांची खिडकी उघडी होती.

रविवार उजाडला. सूनबाई कांदे चिरावयास बसल्या आणि बाईसाहेबांनी सुरीस धार लावण्यास आरंभ केला. तो आवाज वर्तमानपत्राच्या आड साहेबांस पोचला, आणि पायावर तो ऊबदार गोळा बसलाच होता. मग साहेबांनी, ज्यांनी कचेरीतून कधी एक टाचणी घरी आणिली नाही, स्वयंपाकघरात शिरून फ्रीजमधील एक अंडे लंपास केले, आणि पाचवीस खुराड्यात बसवून ते तिच्या बुडाखाली सरकवून मोठ्याने हाक दिली, "अगं, बघ. रुजू झाली."

बाईसाहेब आल्या, हात घालून अंडे काढिले आणि गालास लाविले.

"अहो, हे थंडगार आहे. कोंबडीच्या पोटात काय बर्फाचा कारखाना आहे?"

साहेबांनी खाली पाहिले. कपट उघडकीस आले, दारूगोळा संपला, कुमक येण्याची आशा नाही. बाईसाहेबांनी डाव्या हाती पाचवी उचलिली. ती बापडी, आपणांस फिरावयास नेतात या समजुतीने, स्वस्थ राहिली. कुंपणावर वकीलसाहेबांची कोपरे येऊन टेकली होती. बाईसाहेब टाकीच्या दिशेने चालू लागल्या. आणि तेव्हा साहेबांनी कूळ, कर्तबगारी, ज्येष्ठता, वकील, सारे एकदम सोडून दिले आणि तोंडास जे आले ते म्हटले.

"मखमल," ते म्हणाले. "तिचं नाव मखमल."

बाईसाहेब जागीच थांबल्या. हे नाव नवे नव्हे. लग्नाच्या सालात, भाड्याच्या एका खोलीत, दार लावून घेतल्यावर साहेब त्यांस या नावाने हाक मारीत. पुढे पोरे जाहली, बढत्या जाहल्या, आणि ते नाव कोणत्या ट्रंकेत गेले ते दोघांसही ठाऊक नव्हते. बाईसाहेबांनी एकवार नवऱ्याकडे पाहिले, एकवार हातातील जनावराकडे.

"हिला," त्या हळूच म्हणाल्या. "मानेवर एक पीस नाही हिच्या. अंड्याचा पत्ता नाही. आणि हिला माझं नाव?"

"दुसरं जवळ काही नव्हतं," साहेब म्हणाले.

कुंपणावरून वकीलसाहेब बोलले, "हरकत आहे. कर्तबगारी काय हिची?"

"वकीलसाहेब," बाईसाहेब त्या दिशेस न पाहता म्हणाल्या, "तुमच्या अस्सलांना आत घ्या, नाहीतर जावयाला वाढताना कोंबडी कुंपणाच्या कुठल्या बाजूची ते मी बघणार नाही." कोपरे तत्काळ मागे हटली, आणि ती फौज पुन्हा त्या बाजूस फिरकली नाही.

मग सुरी धुवून फडताळात गेली आणि तह जाहला. कलमे ऐसी: की मखमल हयातभर अंडे न देता कणी खाईल, की यापुढे या परसात नियम बाईसाहेब करतील, की आजचे जेवण साहेब रांधतील. तिन्ही कलमे साहेबांनी मान्य केली, आणि त्यांनी रांधिलेले बटाटे एका अंगाने करपले व दुसऱ्या अंगाने कच्चे राहिले. सात पिढ्या तपासलेले जावईबापू फोनात मान घालून जेवले, आणि "चिकन छान झालंय" म्हणोन निघून गेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाचही कोंबड्या किताबानिशी सलामत राहिल्या. साहेबांचे थोर धोरण तेवढे रणी पडले. दुसरे दिवशी सकाळी साहेब कणी घेऊन मागील दारी उभे राहिले आणि घसा साफ करून, जरा दबकत, "मखमल" म्हणोन हाक दिली. हाक एक गेली, माना दोन वळल्या. त्यांतील एक कोंबडीची होती.