बांधून पाहिलेली लाँच

भाचीच्या लग्नाला बैलगाडीने जायचे नाही, एवढेच मी ठरवले होते. माणसाने इतपत ठरवायला हरकत नसावी. आमच्या सावली गावाहून माझ्या बहिणीचे, गुणाबाईचे गाव गाडीने गाठायचे म्हणजे आधी वैनगंगेपर्यंत धक्के, मग रेतीतून धक्के, मग पल्याडच्या जंगलातून धक्के. लग्नघरी उतरल्यावरही माणूस कितीतरी वेळ हलतच असतो. (मागच्या खेपेला माझे हे हलणे पाहून एका म्हातारीला वाटले, माझ्या अंगात आले. तिने मला कुंकू लावून आपली हरवलेली शेळी कुठे आहे ते विचारले. मी सांगितले. सापडली, हे वेगळे.)

नवरीचा, म्हणजे चंदाचा, मी एकुलता एक मामा. गुणाबाईने निरोपच तसा धाडला होता: "दादा, नवरीच्या मांगं मामा उभा राह्यल्याबिगर मी अंतरपाट धरू देत नाई. गोरजाचा मुहूर्त हाये. येजो बा येळेवर."

"लाँचनं जाऊ," मी बायकोला म्हणालो.

"कोणाच्या?"

"आपल्या."

कमळा धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही, नुसते थांबवले. हे लक्षण वाईट.

झाले होते असे, की लच्छू ठेकेदार बांबूच्या धंद्यातून मोकळा होत होता आणि त्याची जुनी डिझेल लाँच नदीच्या डोहात उभी होती. वर छप्पर, आत बाक, निजायला फळी. त्या काळी आमच्याकडे कोणी सायकल घेतली तरी अर्धे गाव पाहायला येई. लाँच म्हटल्यावर तर शेजारच्या तालुक्यातून गाड्या जुंपून लोक आले असते.

"जुनी वस्तू हाये," कमळा म्हणाली. "जाणत्या माणसाले दाखवा. आमच्या काकाले न्या."

तिचे काका, रामाजीकाका, बैल पारखण्यात नावाजलेले. बाजारात ते नुसते दिसले तरी म्हातारे बैल आपणहून तोंड मिटून घेत, असे लोक म्हणतात. (लोक म्हणजे मी.) इंजिनासाठी मी अयूबभाईंना घेतले. ज्या धानगिरणीत मी कारकून, तिथलेच ते इंजिनवाले. त्यांच्या हातचे इंजिन सकाळी सुरू झाले की संध्याकाळपर्यंत जागचे तसूभर हलत नसे, आणि हाच त्यांच्या आयुष्याचा अभिमान.

काकांनी आधी लाँच दुरून पाहिली. मग जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला, बरगड्या थापटल्या. मागे वाकून, पाण्यात हात घालून पंख्याची पाती चाचपली.

"तीन दात. एकबी पडला नाई. वय कमी हाये."

"मी म्हणलोच होतो," लच्छू म्हणाला.

"खाते किती?"

"चिमणीवानी खाते जी."

"चिमणी दिवसभर खाते," काका म्हणाले, आणि बैलाच्या कपाळावर पाहतात तसा पुढच्या टोकाशी अशुभ भोवरा आहे का ते पाहायला गेले. भोवरा नव्हता. म्हणजे मालकाला घातक नाही.

आता अयूबभाईंची पाळी. लच्छूने हँडल मारले आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झाले. मी हात लावून पाहिला तर ते आधीच गरम होते.

"तुमी येणार म्हून सकाळीच पूजा केली, धूप दाखवला," लच्छू म्हणाला. मला त्याची श्रद्धा आवडली.

अयूबभाईंनी इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला आणि डोळे मिटून ऐकत बसले. पेल्यातले पाणी जरासे थरथरले, बस. लाँच जाड दोराने जांभळीच्या झाडाला बांधलेली होती.

"मुन्शीजी, देखो. जागचं हलून नाई राह्यलं. असं इंजन जिंदगीत एकदा भेटते."

"बैल असता तं मी चालवून पाह्यला असता," काका म्हणाले. "पण हे इंजिनाचं काम. अयूबभाई म्हणते ते खरं."

"चालवून?" अयूबभाईंनी कानाला हात लावला. "हलणारं इंजन म्हणजे बिघडलेलं इंजन, काका."

दोन तज्ज्ञ एकमेकांचा इतका मान ठेवतात तिथे तिसऱ्याने काय बोलायचे? मी लाँच घेतली.

लग्नाच्या दिवशी मी, कमळा, काका आणि इंजिनाशी अयूबभाई असे चौघे चढलो. कमळा लुगड्याचा कोरा पदर सावरून बाकावर बसली. मी दोर सोडला. अयूबभाईंनी दांडा पुढे ढकलला. इंजिनाने डरकाळी फोडली आणि लाँच होती तिथेच राहिली.

"बघा, कशी पक्की हाये," अयूबभाई सवयीने म्हणाले.

मग त्यांनी दांडा मागे ओढला, आणि लाँच सणसणत मागे सुटली. पुन्हा पुढे ढकलला, थांबली. मागे ओढला, सुटली. तिला पुढे जाणे ठाऊकच नव्हते. ऊन कलायला लागले होते. आता गाडी जुंपली तर मी पोचेपर्यंत चंदा सासरी पोचली असती.

"मंग उलट्यानंच चला," कमळा म्हणाली. "तिची पाठ गावाकडं करा. पोचलं म्हणजे झालं."

आम्ही बांबू रेटून लाँच फिरवली, आणि वैनगंगेतून मामाची स्वारी पाठमोरी निघाली.

गावचा घाट आला. वाजंत्री, पोरेबाळे, गुणाबाईचे यजमान देवाजी हातात हार घेऊन उभे.

"थांबवा," मी म्हणालो.

"गिरणीत पट्टा काढला का थांबते," अयूबभाई म्हणाले. "इथी पट्टाच नाई."

आम्ही घाटावरून सरळ पुढे गेलो. आता लाँचचे तोंड घाटाकडे, आणि तोंडाशी मी, हात जोडून ओरडतो आहे की कोणीतरी दोर फेका. इंजिनाच्या आवाजात ऐकू कोणाला येणार? लोकांना दिसले ते एवढेच, की मामा आला, कसलीशी मानपानाची चूक झाली, आणि मामा शेवटचा नमस्कार करून चालला.

"दादा रुसला वं माय!" गुणाबाईने तिथेच बसकण मारली.

देवाजी धोतर खोचून काठाकाठाने धावत सुटले. "भाऊ, चुकलं असन तं जोडा मारा, पण असे जाऊ नोका! कोशाचा रेशमी फेटा देतो! नवं धोतर देतो!" मागून सनईवाला वाजवत धावत होता, त्याला कोणी थांब म्हटले नव्हते.

शेवटी अयूबभाईंनी अंगातला नवा सदरा काढून इंजिनाच्या नाकात कोंबला. ते गुदमरून बंद पडले आणि लाँच रेतीत रुतली. देवाजी छातीभर पाण्यातून आले आणि त्यांनी माझे पाय धरले.

खरे सांगायची वेळ हीच होती. कमळा माझ्याकडे पाहत होती. मी चेहरा गंभीर केला.

"उठा देवाजी," मी म्हणालो. "पोरीसाठी येतो."

गोरजाला मी नव्या धोतरात, कोशाच्या फेट्यात चंदाच्या मागे उभा राहिलो. तिने हळूच वळून पाहिले, आणि मी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. (फेटा घट्ट बांधला होता, तेही असेल.)

अक्षता पडल्या आणि नवरदेवाचे मामा मुखरूजी उठून उभे राहिले. "नवरीच्या मामाले कोशाचा फेटा आन मले नुसती सुपारी? मी तं गाडीनं येळेवर आलो, हेच चुकलं. चाललो मी."

देवाजींचा चेहरा उतरला. वरपक्षाचा मामा रुसून गेला तर सासरी चंदाला जन्मभर ऐकावे लागणार. मी पुढे झालो. "मुखरूजी, माझी लाँच घ्या. आहेर समजा."

मांडव थक्क झाला. मुखरूजी रेतीत रुतलेल्या लाँचपाशी आले. त्यांनी बरगड्या थापटल्या नाहीत, दात मोजले नाहीत. एवढेच म्हणाले, "पह्यले चालवून दाखवा."

रेतीतून रेटून, इंजिनातला सदरा काढून चालवून दाखवली. मुखरूजींनी ती मागे जाताना पाहिली, आणि मग माझ्या डोक्यावरचा फेटा पाहिला.

"मले फेटाच द्या," ते म्हणाले. "धोतरबी."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या, दमट धोतरात देवाजींच्या बैलगाडीतून परत निघालो.

"मला एकच कळत नाही," मी म्हणालो. "तुझे काका एवढे पारखी, जन्मात फसले नाहीत. याच वेळी कसे फसले?"

"याच येळी कसे?" कमळा म्हणाली. "काका आपलं लगन जमवाले आले तवा तुमालेबी पाटावर बसवूनच पाह्यलं होतं. चालवून कोणं पाह्यलं?"